बदली पास आणि 2027 चा ड्राफ्ट

डोंबिवली,
20 नोव्हेंबर 2025

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज अमेरिकेतून इथे रात्री दीड वाजता आला. आजीला नुकतीच झोप लागली होती, म्हणून लगेच फोन केला नाही. "आई, ड्राफ्टचे राउंड अजून कमी करणार म्हणतात. मग 2027 ला जो बोनस मिळेल तो घेऊन साइन करून टाकू का?" दोनच ओळी, पण क्लब फेऱ्याफेऱ्यांनी नवी मुलं निवडतात त्या बेसबॉल ड्राफ्टबद्दलचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. मराठी शाळेत चार वर्षं गेलास, ते आज कामी येऊ दे. सावकाश वाच, अडलं तर बाबांना विचार.

तुझी भीती खोटी नाही, हे आधी सांगते. मेजर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचे, मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय. तुझं हायस्कूल संपणार जून 2027 ला आणि ड्राफ्ट जुलैत. म्हणजे तुझ्या वर्षाचे नियम अजून ठरलेलेच नाहीत. तुझ्या त्या सल्लागार काकांनी "आत्ताच तयारी ठेवा, नंतर दार बंद होईल" म्हणून आपल्याला घाई केली, ती यावरच. त्यांचा सल्ला मला तेव्हाही पटला नव्हता. का पटला नव्हता, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

दार लहान होत गेलंय हे खरंच आहे. 2019 पर्यंत 40 राउंड होते. 2020 ला कोविडमध्ये ते पाचवर आणले, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना 20,000 डॉलरच्या वर बोनस द्यायचा नाही असा नियम केला. 2021 पासून 20 राउंड झाले, ते आजवर तसेच आहेत. बाराशेच्या आसपास मुलं निवडली जायची, आता सहाशेच्या आसपास. त्याच 2021 मध्ये मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, संलग्न संघ 160 चे 120 केले. प्रत्येक क्लबला मायनर लीगमध्ये 180 खेळाडू ठेवता यायचे, 2024 पासून 165. तू हे सगळं "सिस्टीम आहे, काय करणार" म्हणून सोडून देतोस. मी दिवसभर हॉस्पिटलचे हिशोब बघते रे. कुठल्या रकान्यातून काय कापलं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

आणि कापलं ते खालून. माइक पियाझाला डॉजर्स क्लबने 1988 मध्ये 62व्या राउंडला घेतलं होतं, तेही ओळखीखातर. 2016 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. आज 62वा राउंड नाहीच, 21वासुद्धा नाही. उशिरा उमलणाऱ्या मुलांची जागा तीच होती. तू पंधराव्या वर्षापर्यंत वर्गात सगळ्यात बुटका होतास, आठवतंय ना? गेल्या मे महिन्यात त्या थंडगार सकाळी तुझा फास्टबॉल ताशी 88 मैलांवर गेला, आणि जाळीमागे क्लबांसाठी मुलं हेरणाऱ्या स्काउटांच्या एकदम सात-आठ रडार गन वर झाल्या. मी गाडीत बसून तुझ्यासाठी धपाटे फॉइलमध्ये गुंडाळत होते. हात तसाच थांबला. त्यांच्यातल्या एकानेही मागच्या वर्षी तुझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

काल आजीच्या ट्रंकेत औषधांची जुनी फाईल शोधत होते, तेव्हा आजोबांचा बदली पास हाती लागला. पिवळा पडलेला पुठ्ठा, कोपरे गेलेले. तुला हे कधी सांगितलं नाही. आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत नऊ वर्षं बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. एखादा कायम कामगार आला नाही तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवणार, आत घेणार. नाहीतर परत घरी. आजी सांगते, आजोबा लवकर परतले की ती काही विचारायची नाही, चहा टाकायची. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा मी सात वर्षांची होते. बदलीवाल्यांना कायम करा ही संपातली एक मागणी होती. पण कायद्याने मान्यता एकाच युनियनला, आणि मालकांशी बोलायचा हक्क तिचा. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांच्यातले बहुतेक तिच्या मागे नव्हते, तरी त्यांच्या नावाने बोलणार तीच.

तो पास हातात धरून मी तुझा मेसेज पुन्हा वाचला. ईशान, ड्राफ्टचे नियम दोघे मिळून ठरवतात. एका बाजूला क्लबांचे मालक, दुसऱ्या बाजूला आधीच आत असलेल्या खेळाडूंची युनियन. तू त्या युनियनचा सभासद नाहीस, साइन करेपर्यंत होऊही शकत नाहीस. तुझी किंमत, तुझे राउंड, तुझा नकाराचा हक्क, हे सगळं तुझ्या माघारी ठरतं. आतल्यांना काही हवं असलं की बदल्यात बाहेरच्या मुलांचं काहीतरी सोडून देता येतं. त्यांना मी वाईट म्हणत नाही, ते आपल्या सभासदांचं बघतात. पण तुझं बघणारं तिथे कोणी नाही, हे तुला माहीत असायला हवं.

टेबलावर बसायला मिळालं की काय होतं तेही बघ. मायनर लीगमधल्या मुलांना वर्षानुवर्षं पोटापुरतंही मिळत नव्हतं. 2022 मध्ये ती युनियनमध्ये आली, 2023 ला त्यांचा पहिला करार झाला, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरचा वर्षाचा किमान पगार 4,800 डॉलरवरून 19,800 वर गेला. तीच मुलं आणि तेच मालक होते.

ड्राफ्ट मुळात आला कशासाठी, हे तुमच्या कोचनी कधी सांगितलं का? 1964 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टसाठी क्लबांमध्ये चढाओढ लागली आणि एंजल्सनी त्याला दोन लाख डॉलरच्या वर दिले. मालक हबकले. पुढच्याच वर्षी, 1965 ला, पहिला ड्राफ्ट झाला. आता ज्याने निवडलं त्याच्याशीच बोलायचं. सगळ्यात पहिला निवडला गेला तो रिक मंडे, आणि त्याला मिळाले रायकार्टच्या साधारण निम्मे. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत हाही हेतू होता, ते मी नाकारत नाही. पण बोली बंद करणं हा त्यातला मोठा भाग होता.

म्हणून प्रत्येक नव्या प्रस्तावाला मी एकच प्रश्न विचारते. यानंतर मुलाला "नाही" म्हणता येईल का?

ब्रायन टेलरच्या आईची गोष्ट मला यासाठीच जवळची वाटते. 1991, नॉर्थ कॅरोलायनातलं बोफोर्ट. हायस्कूलचा डावखुरा पिचर, तुझ्यासारखाच. यांकीजनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. आई बेटी टेलर खेकडे सोलायचं काम करायची, वडील गवंडी. आदल्या वर्षी टॉड व्हॅन पॉपेलला 12 लाख डॉलर मिळाले होते, मग माझ्या मुलाला कमी का, असं म्हणून ती बाई उन्हाळाभर अडून बसली. मुलगा बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात जायला तयार होता, त्यामुळे तिच्या नकाराला वजन होतं. शेवटी साडेपंधरा लाख डॉलर मिळाले. दोन वर्षांनी एका भांडणात ब्रायनच्या डाव्या खांद्याला मार बसला आणि तो मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही. लोक ही गोष्ट वाया गेलेल्या पैशांची म्हणून सांगतात. मला त्यात बेटीबाई दिसते. खांदा गेला, पण तिने मिळवून दिलेलं गेलं नाही.

आज तसं अडून बसता येतं, पण कमी. 2012 पासून प्रत्येक क्लबला ठरलेली रक्कम असते आणि पहिल्या दहा राउंडमध्ये प्रत्येक निवडीचा एक स्लॉट, म्हणजे नेमलेली किंमत, असतो. क्लबला एकाला कमी देऊन दुसऱ्याला जास्त देता येतं, त्या फटीत बोलणी होतात. 2022 मध्ये मालकांनी परदेशी मुलांसाठी ड्राफ्टचा प्रस्ताव ठेवला, त्यात ही फटही नव्हती. 20 राउंड, प्रत्येक क्रमांकाची किंमत ठाम, वर एक डॉलर नाही. एकूण रक्कम मालक 19.1 कोटी डॉलर म्हणत होते, युनियन 26 कोटी मागत होती. 25 जुलैला बोलणी फिसकटली. डेव्हिड ऑर्टिझ, फर्नांडो टाटिस ज्युनियर यांच्यासारखे डॉमिनिकन खेळाडू त्याविरुद्ध उघड बोलले. हा विषय पुन्हा येणार, आणि परदेशी मुलांसाठी ठाम किंमत एकदा मान्य झाली की ती अमेरिकेतल्या मुलांनाही लावतील, ही माझी भीती.

पण इथे मन दुभंगतं. तुमच्या संघातल्या कॅचरची आई मला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रोतल्या तिच्या भाच्याबद्दल सांगत होती. तेराव्या वर्षी शाळा सोडली, दिवसभर एका ट्रेनरकडे, सोळाव्या वर्षी सही होईल या आशेवर, आणि सही झाली तर त्यातला मोठा वाटा ट्रेनरचा. आजचं तिथलं चाललंय ते चांगलं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? नियम हवेत. फक्त त्या मुलांच्या आयांना कोणी विचारावं.

सगळे बदल वाईट नसतात. पिचर कुमार रॉकरचं नाव तुझ्या खोलीत भिंतीवर आहे. त्याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले, त्यामुळे आपल्या घरात त्याचं कौतुक जरा जास्तच. 2018 ला हायस्कूलमधून त्याला 38व्या राउंडला घेतलं होतं. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला, पहिल्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध 19 स्ट्राइकआउटसह नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. 2021 ला मेट्सनी दहाव्या क्रमांकावर घेतलं, 60 लाख डॉलरवर बोलणी झाली, मग वैद्यकीय तपासणी बघून त्यांनी सहीच केली नाही. मुलगा अधांतरी. वर्षभराने रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. मेट्सच्या त्या प्रकारानंतर 2022 च्या करारात नियम आला की वरच्या 300 मुलांपैकी ज्याने ड्राफ्टआधी तपासणी करून घेतली, त्याला निवडणाऱ्या क्लबने स्लॉटच्या किमान 75 टक्के देऊ करायलाच हवेत. हा नियम मला मनापासून आवडतो. तू त्या यादीत असलास तर ती तपासणी आपण करून घ्यायचीच.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "जो काही मिळेल तो" घेऊन सही करायची नाही. राउंड 20 राहोत, 10 होवोत. दहाव्या राउंडनंतर घेतलं तर बहुधा दीड लाख डॉलरच्या आतली गोष्ट, त्यातून कर जाणार, आणि निदान सहा-सात वर्षं तुझा हात त्यांचा. कॉलेजला गेलास तर तिसऱ्या वर्षानंतर किंवा 21 पूर्ण झाल्यावर पुन्हा ड्राफ्टमध्ये येशील, तेव्हा तू अंगाने भरलेला असशील. बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या संघांतही आता 34 खेळाडूंची मर्यादा आहे, जागा तिथेही आयत्या नाहीत, ते मला ठाऊक आहे. म्हणून या हिवाळ्यात बीजगणित दोनचे मार्क सुधार, तेही पिचिंगच आहे असं समज.

आणि एक काम. स्काउट ड्राफ्टच्या आधी विचारतात, कितीला सही करशील? तो आकडा आपण घरात ठरवू, त्यांनी विचारायच्या आधी. तू तुझा लिही, बाबा त्यांचा लिहितील, माझा मी इथून लिहून आणते. करारात कॉलेजच्या खर्चाची तरतूद लिहून घेता येते, तीही धर. तिघांचे कागद एकदम उघडू. तुझा आकडा माझ्यापेक्षा कमी निघाला तर मला रात्रभर तुझ्याशी बोलायचंय, आणि जास्त निघाला तर का, ते ऐकायचंय.

आजीचे टाके सोमवारी काढणार. ती विचारते, "पोरगा अजून तो चेंडूच फेकतो का?" मी हो म्हटलं, तर म्हणाली, "डाव्या हाताने जेवू नको म्हणून किती मारलं होतं मी त्याला, चार वर्षांचा असताना." आणि डोळे पुसले.

बदली पास मी घेऊन येते आहे. विमानतळावर बाबांबरोबर येशील ना? थ्रोइंग झाल्यावर खांद्याला बर्फ लाव, वीस मिनिटं, फोन बघत पाच मिनिटांत काढू नकोस.

तुझी,
आई