पणजीत बसायचं कुठे?

पणजी,
एप्रिलअखेर

प्रिय मंद्या,

मे महिन्यात येतोयस हे पक्कं झालं म्हणतोस, तेव्हा ‘पणजीत प्यायला बसायचं कुठे?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच पाठवतो. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच ‘म्हणजे आपल्या धोबीतलावच्या बारसारखं का?’ असं विचारतोस आणि गाडी मेट्रो सिनेमाच्या सिग्नलपाशीच अडकून बसते. आता निवांत वाच. वहिनींना वाचून दाखवणार असलास तर मधलं पान गाळ.

एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाक. इथे रात्री आठनंतर काळ्या काचेचं दार ढकलून कुठेतरी आत शिरायचं नाहीये. तो आपला बार आठव. दुपारी तीनला गेलो तरी आत रात्रच. निळे बल्ब, काचेच्या पेटीत एक कंटाळलेला मासा, न मागता येऊन पडलेली उकडलेल्या चण्यांची बशी, आणि तो कारकळकडचा वेटर, जो मला बघितलं की काही न विचारता नाइंटी आणि सोडा आणून ठेवायचा. इतकी वर्षं तिथे बसलो, पण बाहेर पाऊस पडतोय की थांबलाय हे आतून एकदाही कळलं नाही. निघताना तू आधी नुसती मान बाहेर काढून डावीउजवीकडे बघून घ्यायचास. ऑफिसातलं कुणी नाही ना, चाळीतलं कुणी नाही ना. पोरगी कॉलेजात गेली तरी तुझी ती सवय सुटली नाही.

तो अंधार आला कुठून, याचा विचार मी मुंबईत असताना कधी केला नव्हता. इथे आल्यावर केला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, बरं का. आपण पितो ते परवान्यावर. परमिट रूम म्हणतात ती त्यासाठीच. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आणि तो कशासाठी देतात? आरोग्य टिकवण्यासाठी! म्हणजे सरकारदरबारी तू आणि मी दर शुक्रवारी धोबीतलावला औषध घ्यायला जात होतो. कडक दारूला वय पंचवीस, सौम्य बिअरला एकवीस. मोरारजींच्या काळात तर सगळंच बंद होतं, तेव्हा नवसागर घालून पाडलेली हातभट्टी आणि गल्लीबोळांतले आंट्यांचे अड्डे. त्यातल्या काही आंट्या मूळच्या इकडच्याच, गोव्याच्या. धोबीतलावला गोवेकरांचे कुड होते, गावागावाच्या नावाचे, बोटीवर चढायच्या आधी खलाशी तिथे उतरायचे, त्यामुळे गिऱ्हाईक दाराशीच. पुढे बंदी सैल झाली, परमिट रूमा आल्या, पण लपूनछपून प्यायची खोड भिंतींत मुरली ती मुरलीच. काचा काळ्याच राहिल्या.

इथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज. मोरारजींचा कायदा सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या पलीकडेच थांबला. त्यामुळे तावेर्नाचं, म्हणजे इथल्या जुन्या दारूच्या दुकानाचं, दार कुणी लावून घेतलंच नाही. माझं म्हणणं तुला पटेल न पटेल, पण इथलं बसणं आणि आपल्याकडचं बसणं यात जो काही फरक आहे तो या दारात आहे.

माझ्या घराखाली, पणजीतल्या मळा नावाच्या वस्तीत, असंच एक आहे. पाटीवरची अक्षरं पावसाने इतकी पुसली आहेत की नाव लावता येत नाही. एका बाजूला पसरो, म्हणजे तांदूळ, साबण, काड्यापेट्या, मेणबत्त्या, सुकी मासळी. दुसऱ्या बाजूला संगमरवरी फळीचं छोटं काउंटर आणि मागे काचेचे मोठे बुदले. तराजू एकच, आणि वहीही एकच. सकाळी अकराच्या सुमारास बाजारातून परतणारा एक म्हातारा तिथे थांबतो. आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेला, अजून पाय फाकवून उभा राहतो. पिशवी खाली ठेवतो, त्यातून बांगड्याची शेपटी बाहेर आलेली असते. मालक विचारत नाही, तो सांगत नाही. लहानसा ग्लास, माडाची फेणी, पाणी नाही. शेजारी मेणबत्त्या घ्यायला आलेली बाई त्याला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव विचारते. तो भाव सांगतो, महागाईच्या नावाने एक पोर्तुगीज शिवी हासडतो, ग्लास संपवतो, मालक वहीत रेघ ओढतो, म्हातारा पिशवी उचलून घरी जेवायला. सगळा कार्यक्रम पाचेक मिनिटांचा. ना चकणा, ना ‘अजून एक रिपीट’, ना रडारड.

मी तिथे पहिल्यांदा ग्लास हातात घेऊन उभा होतो तेव्हा आमच्या शाखेतल्या कॅशियर बाई साबण घ्यायला आल्या. मी सवयीने ग्लास बुदल्याच्या आड सरकवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “सायबानु, लिंबू कमी पिळलाय त्याने, अजून एक फोड मागून घ्या.” दुसऱ्या दिवशी बँकेत त्या विषयावर चकार शब्द नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

आता हुर्राक. तू येशील तेव्हा त्याचे शेवटचे दिवस असतील, म्हणून घाई कर. तुझ्या मामाच्या बागेत काजूच्या बोंडूंचा सडा पडायचा आणि आपण फक्त बिया गोळा करून आणायचो, आठवतं? त्या फुकट घालवलेल्या बोंडूंचा इथे हिशोब लागतो. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपणहून खाली पडला पाहिजे. मग जांभ्यात खोदलेल्या उथळ खळग्यात घालून पायांनी तुडवायचे. पहिला रस आंबवून भट्टीवर चढवला की एका धारेत निघतो तो हुर्राक. तो पुन्हा रसाबरोबर चढवला की फेणी. फेणी बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, हुर्राक त्याच्या निम्म्याहून कमी, आणि टिकत नाही. फेणी वर्षानुवर्षं बाटलीत बसून राहते. हुर्राक फाल्गुनात येतो आणि पावसाबरोबर जातो.

घ्यायचा कसा ते नीट लक्षात ठेव, नाहीतर तू त्यात थम्सअप ओतशील. उंच ग्लास, त्यात बर्फ. तिसऱ्या हिश्शापर्यंत हुर्राक. लिंबाची फोड पिळून सालीसकट आत टाकायची. मिठाची चिमूट. एक हिरवी मिरची देठ तसाच ठेवून उभी चिरायची आणि ग्लासाच्या कडेने आत सोडायची. वरून लिम्का. ढवळायचं नाही. मळ्यातला मालक मिरची चिरताना सुरीचं टोक पोटापर्यंतच नेतो, पार नेत नाही, म्हणजे बिया आत राहतात आणि तिखटपणा हळूहळू उतरतो. पहिला घोट जिभेला गोडसर लागतो, शेवटचा घोट कानात जातो. वास मात्र पहिल्या दिवशी तुला नको होईल. दुसऱ्या दिवशी तू शोधत येशील.

फेणीबद्दल इथले लोक हळवे आहेत, तेव्हा थट्टा जपून कर. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. पण काजू मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. माडाची फेणी त्याहून जुनी, हे दक्षिण गोव्यातला माणूस तुला दोन मिनिटांत ऐकवतोच.

बाकी पणजीतल्या जागा. सां तोमे भागात जोसेफ बार आहे. आत मोजकी माणसं मावतात, म्हणून बाकीची ग्लास घेऊन रस्त्यावर उभी. नव्या पोरांनी जुनी जागा न बिघडवता चालवली आहे, हे मला कौतुकाचं वाटतं, कारण जुनं बिघडवायला फार अक्कल लागत नाही. कोकम घातलेली फेणी तिथे घे. पण शनिवारी जाऊ नकोस. शनिवारी तिथे अर्धी मुंबई आणि पाऊण बंगळूर उभं असतं, आणि जो तो ग्लासाचे फोटो काढत असतो. शेजारच्या फोंताइन्हासमध्ये तर लोकांनी घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. पिवळ्या-निळ्या भिंती बघून माणसं थेट दुसऱ्याच्या ओट्यावर चढून बसतात. आपण तिथून नुसते चालत जाऊ.

संध्याकाळी उजेड असताना क्लुब वास्को द गामा. १९०९ सालचा क्लब, बागेच्या समोर, पहिल्या मजल्यावर. गॅलरीतलं टेबल मिळालं तर खालची बाग, चर्चच्या पायऱ्या, घरी निघालेली माणसं सगळं दिसतं. आपण आयुष्यभर रस्त्याकडे पाठ करून प्यायलो, लेका. एकदा तोंड करून बस.

मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर नेणार नाही. विचारूही नकोस.

सगळा वेळ पिण्यातच घालवायचा नाही, हे मी तुझ्या डॉक्टरांच्या वतीने लिहितो. सकाळी कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले. पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, नाहीतर बन. बन म्हणजे पाव समजू नकोस, पिकलं केळं घालून केलेली गोडसर फुगीर पुरी असते, तिखट भाजीबरोबर खायची. वर मिरची भजी. ताटोत समोर कुणीही येऊन बसतं. वकील, मासेवाले, मंत्रालयात खेटे घालणारे, मराठी पेपर वाचणारे आणि त्यातला अग्रलेख कोकणीतून खोडून काढणारे. एका चहात गावचं राजकारण पदरात पडतं. रात्री गाड्यावर रोस ऑम्लेट: ऑम्लेटवर शाकुतीचा रस्सा, वर कांदा, लिंबू, दोन पाव. उभ्यानेच खायचं, शर्टाला जपून.

आता तुला वाटेल हा पक्का गोवेकर झाला. नाही रे. उघड्या दाराचेही हाल असतातच. मळ्यातल्या काउंटरशी सकाळी अकराचा ग्लास घेणारा म्हातारा आहे, तसा सकाळी सातलाच हात कापत येणारा एक चाळिशीतलाही आहे. त्यालाही कुणी काही म्हणत नाही. लपायची गरज नाही म्हटल्यावर थांबायचंही कारण उरत नाही काही जणांना. त्याची बायको येते, मालकाशी भांडते, वही हिसकावून घेते, दोन दिवस मालक त्याला ग्लास देत नाही, तिसऱ्या दिवशी देतो. आणि अशा जुन्या तावेर्नांत बायका सौदा न्यायला येतात, बसायला येत नाहीत. ते जोसेफसारख्या ठिकाणीच दिसतं. आपल्या परमिट रूमला नावं ठेवताना हेही लिहायला हवं.

आणि खरं सांगू, त्या अंधाराचंही एक काम होतं. बाबा गेले त्या महिन्यात मी रोज तिथे बसायचो, एकटा, कोपऱ्यात. कारकळचा तो माणूस चण्यांची बशी ठेवून निघून जायचा, टीव्हीचा आवाज कमी करायचा. कुणी माझा चेहरा बघितला नाही. मळ्यातल्या त्या दुकानात तसं बसता आलं नसतं. इथे तोंड जरा उतरलेलं दिसलं की चार जण विचारतात आणि पाचवा घरी जेवायला बोलावतो. मुंबईत माणसाला एकटं सोडायची जी अदब आहे, ती मला इथे अजून सापडलेली नाही. कुलाब्याच्या कॅफे मोंदेगारचीही आठवण येते. भिंतीवर मारियो मिरांडाची चित्रं, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, आणि तू नाणं टाकून दर वेळी तेच गाणं लावणार. मारियो इथला, लोटलीचा. त्याचं घर बघायला जाऊ, मग मडगावला जेवू.

एक संध्याकाळ बेतीच्या फेरीसाठी ठेव. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पलीकडे उतरून नदीकाठाने जरा चालत गेलं की एक खानावळवजा बार लागतो, प्लास्टिकच्या खुर्च्या, तळलेली मुडदुशी, थंड बिअर, समोर सगळी पणजी. तिथे नेतोच. मासळी मात्र आताच खाऊन घ्यायची. १ जूनपासून दोन महिने ट्रॉलर बंद, मग भाव विचारायची सोय नाही.

तर कोकणकन्येने ये आणि करमळीला उतर, मडगावपर्यंत जाऊ नकोस. मी स्कूटर घेऊन येतो, तेव्हा बॅग एकच आण. येताना एखाद्या इराण्याकडून मावा केक घे. सकाळी लवकर जा, उशीर केलास तर रिकामे ट्रे बघून यावं लागेल. परत जाताना बाटल्या न्यायच्या तर रीतसर परवाना काढून देईन. मागच्या खेपेला तुझ्या मेव्हण्याने डिकीत गोधडीखाली लपवल्या होत्या आणि इन्सुलीच्या नाक्यावर गोधडी उलगडायला लावली, ते प्रकरण पुन्हा नको. तिकीट आजच काढ. मेमध्ये तत्काळच्या भरवशावर राहिलास तर तुझ्या वाटणीचा हुर्राक मला प्यावा लागेल.

तुझा,
बाळ्या