घरगुती टिपणे रद्दीत जाऊ नयेत

महोदय,

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या सर्रास रद्दीत जातात. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून (दररोजच्या कारभाराच्या वह्यांतून) नोंदी निवडल्या आणि त्या छापल्या गेल्या, म्हणूनच अठराव्या शतकातील इनामे, दंड आणि वसुली यांचा कारभार आज सहज अभ्यासता येतो. वाण्याच्या उधारीची वही किंवा लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण लिहिलेला कागद यांचे मोलही त्याच जातीचे आहे, लग्नातील आहेराच्या यादीत तर भावकी, सोयरीक आणि ऐपत (मानापमानासह!) एकाच पानावर सापडतात. मोडीतील वह्या घरच्यांना वाचता येत नाहीत, म्हणून त्या आधी टाकल्या जातात. तालुका ग्रंथालयांनी निदान त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मालकाच्या संमतीनेच ती अभ्यासकांना दाखवावीत.

– एक वाचक, सातारा