चंद्रावरच्या धुळीचं काय?

संपादक महोदय,

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा, यावर चर्चा होते ती रॉकेटची आणि खर्चाची. धुळीचं नाव कुणी काढत नाही. गोदाकाठची वाळू वाऱ्यापाण्याने झिजून गुळगुळीत होते. चंद्रावर दोन्ही नाहीत, म्हणून कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार, वर विद्युतभाराने चिकटणारे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ या अमेरिकी चांद्रमोहिमेच्या गाडीचा मडगार्ड तुटला, तेव्हा चार नकाशे टेपने जोडून, क्लॅम्पने आवळून काम भागवलं. नाहीतर चाकांनी उडवलेली धूळ थेट अंगावर. जेमतेम तीन दिवसांच्या मुक्कामात ही गत! जानेवारी २०२५ मध्ये इस्रोला डॉकिंग, म्हणजे अवकाशात दोन यानं जोडणं, जमलं, उत्तम. आता अंतराळवीरांच्या सूटचे सांधे, सील आणि झिपांच्या चाचण्यांचं वेळापत्रकही इस्रोने जाहीर करावं.

— एक वाचक, नाशिक रोड