पार्श्वसंगीत ‘साजेसे’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या काळातल्या कौटुंबिक चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लुगडी, नथी, झुंबरं, अगदी अडकित्त्यापर्यंत सगळ्याचं कौतुक झालं. संगीताच्या वाट्याला मात्र ‘पार्श्वसंगीत साजेसे’ एवढे दोनच शब्द आले.

१९४९ चा ‘द एअरेस’ घ्या. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवर एकोणिसाव्या शतकातल्या एका श्रीमंत डॉक्टरचं घर. घरात बाप, लेक आणि आत्या. बहुतेक सगळं घडतं ते दिवाणखान्यात नाहीतर जिन्यावर. लेकीचं प्रियकराबरोबर पळून जाऊन लग्न करायचं ठरलेलं असतं. रात्री रस्त्यावर घोडागाडी वाजली की लेक धावत बाहेर जाते, आणि प्रियकर काही येत नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी प्रेक्षकांना दाखवला, तर नेमके इथेच लोक हसले! दिग्दर्शक विल्यम वायलर यांची झोप उडाली असणार. मग संगीतकार एरन कोपलंड यांनी त्या प्रसंगाचं गोड, प्रेमाळू संगीत काढून टाकलं आणि कानाला बोचणारा, कर्कश स्वरमेळांचा नवा तुकडा लिहिला. पुढच्या खेळाला कोणी हसलं नाही.

या चित्रपटासाठी कोपलंडना ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे श्रेयनामावलीच्या संगीतात त्यांना न विचारता ‘प्लेझीर दामूर’ या जुन्या फ्रेंच गाण्याची चाल घुसवली होती, आणि ‘तेवढा भाग माझा नाही’ असं त्यांना जाहीर करावं लागलं होतं.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजी-आजोबांचं बिनसलं की कोणी आवाज चढवत नसे. स्वयंपाकघरातला पाट्यावरवंट्याचा आवाज तेवढा थांबायचा. आम्ही पोरं मुकाट्याने अंगणात सटकायचो. असा प्रसंग आजच्या मालिकेत आला तर सुनेने पदर सावरला तरी चाळीस व्हायोलिनं रडतील, आणि तीही कीबोर्डमधली. रडायचं कधी हे वाद्यांनीच सांगितल्यावर बघणाऱ्याला काम काय उरलं?

समीक्षकांना कोपलंड परका वाटत असेल तर बडोद्याचंच सांगतो. सूरसागर तलावाच्या काठच्या आमच्या संगीत महाविद्यालयाचं मूळ म्हणजे सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये निघालेली गायक मौलाबक्षांची गायनशाळा. स्वर कागदावर लिहून शिकवायची पद्धत त्यांनी त्या काळात बसवली. संगीताबद्दल नेमकं लिहिता येतं, हे इथे निदान नव्याने सिद्ध करायला नको.

तेव्हा एक विनंती. पुढच्या लेखाआधी आपल्या समीक्षकांनी एखादा प्रसंग डोळे मिटून ऐकावा. कोणतं वाद्य कधी आलं, कधी थांबलं, ते लिहावं. जागा कमी पडली तर नथीचा परिच्छेद कापलात तरी आमची तक्रार नाही.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे