आधी थांबायला शिकवलंत, काका

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चेनला तेल दिलंत का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम उघडं. आपल्या पुण्यात कितीतरी माणसं अशी असतील, ज्यांनी सायकलवर शाळा केली, कॉलेज केलं, नोकऱ्या केल्या, आणि आता तोल जातो म्हणून सायकल जिन्याखाली लावून ठेवली. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही हाती पडावं असं फार वाटतं.

माझं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. आजारपणात माझ्या डाव्या कानाच्या आतली, तोल सांभाळणारी नस कायमची दुबळी झाली. चालता-फिरता येतं, पण अंधारात किंवा पटकन मान वळवली तर भेलकांडायला होतं. दुचाकीवर माणूस क्षणोक्षणी हँडल किंचित इकडे-तिकडे करून चाकं स्वतःच्या वजनाखाली आणत असतो. हे करतोय याचाही त्याला पत्ता नसतो. माझ्या शरीराला ते जमेनासं झालं. डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामांनी खूप फरक पडला, पण दुचाकी आता नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरच्यांनी काळजीपोटी सायकल विकायचं काढलं. त्या वेळी तुम्ही एकट्यानेच वेगळा प्रश्न विचारलात: "दोन चाकं नको म्हणाले. तीन चालतील का, ते विचारलंत?"

मी विचारलं. बसकी असेल, पाठीला टेकू असेल आणि घाई करणार नसाल तर जरूर चालवा, असं उत्तर आलं. काका, त्या एका प्रश्नाचे आभार मी सगळ्यात आधी मानते.

भाच्याने आणलेली ती तीनचाकी खोक्यांतून आली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि मध्ये आरामखुर्चीसारखी जाळीची सीट. पेडलं पुढे, पाय लांब करून मारायची, आणि हँडल मांडीच्या दोन्ही बाजूंना. खोकी उघडून पार्किंगमध्ये सतरंजीवर सगळे भाग मांडल्यावर, तुम्ही संध्याकाळभरात गाडी उभी करून द्याल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर फिटर होतात, तुम्हाला ते सहज जमलं असतं. तुम्ही मात्र स्टूल ओढून बसलात आणि पाना माझ्या हातात दिलात. "रस्त्यात नट ढिला झाला तर मी नसेन तिथे," म्हणालात. मग रोज संध्याकाळी थोडं थोडं करत ती गाडी मी जोडली आणि तुम्ही पाहिलीत.

आटे पहिल्यांदा बोटांनीच फिरवायचे, निदान तीन-चार फेरे सहज गेले तरच पाना लावायचा, हा तुमचा पहिला नियम. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट तिरका शिरला की आटे मेलेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचं, हे मी सायकलवर इतकी वर्षं काढूनही पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या ट्रंकेतला टॉर्क रिंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, तुम्ही मला वापरू दिलात. पेडलला साधारण 35 ते 40 न्यूटन-मीटर आणि ब्रेकच्या डिस्कच्या बारीक स्क्रूंना जेमतेम 5-6, हा फरक मनगटाला कळेपर्यंत तुम्ही मला सोडलं नाहीत. चेन तर साध्या सायकलच्या जवळजवळ तीन चेनी जोडाव्यात इतकी लांब, कारण पेडलं पुढे आणि ओढणारं चाक मागे. ती नळीतून आणि मधल्या कप्पीवरून ओवताना एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी आणि मध्ये वॉचमनचा मुलगा, अशी आपली कसरत चालली होती.

पुढे पेडलांचा दांडा आत-बाहेर सरकतो. पेडल सगळ्यात लांब गेल्यावरही गुडघ्याला किंचित बाक राहायला हवा. पाय पूर्ण ताणला तर टाच सुटते, फार दुमडला तर गुडघा दुखतो. ते माप ठरल्यावर तुम्ही दांड्यावर रंगाची रेघ ओढलीत. दांडा कधी हलला तर रेघेवरून लगेच कळतं. आजही गाडीवर बसण्याआधी मी ती रेघ बघते.

पण माझ्या मते तुमची खरी कारागिरी दिसली ती पुढची दोन चाकं सरळ करताना. दोन्ही चाकं हवेत उचलून, फिरवत ठेवून, टायरच्या मधोमध तुम्ही खडूने रेघ काढलीत. मग दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकवून, टोकांना खिळे ठोकून, माप घ्यायचं साधन केलंत. आसाच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर आधी पुढच्या बाजूने, मग मागच्या बाजूने. मला सीटवर बसवून तुम्ही तेच माप पुन्हा घेतलंत, कारण वजन पडलं की चाकं जराशी हलतात. दोन्ही मापं सारखी हवीत, किंवा पुढचं एक-दोन मिलिमीटर कमी. चाकं पुढून बाहेर फाकली असतील तर गाडी वेगात बिचकते. फारच आत वळली असतील तर टायर झिजून जातात. स्टिअरिंगचा आडवा रॉड अर्धा-अर्धा फेरा फिरवत तुम्ही ते जुळवत होतात. हे कोणी तपासायला येणार नव्हतं, काका. घाई असलेला माणूस "चालतंय" म्हणून उठला असता.

त्याच दिवशी डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर देऊनही वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचा, विषय निघाला. मागे एकच चाक आहे म्हणून आपल्या गाडीला तो लागत नाही, हे तुम्ही समजावत होतात. मागे दोन चाकं असतील तर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून बाजारात मिळणाऱ्या मागे दोन चाकांच्या अनेक साध्या तीनचाकींत एकाच चाकाला जोर देतात, आणि दुसरं नुसतं फिरतं. मग मी तुम्हाला वाचून दाखवलं, की इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी 1877 मध्ये डिफरन्शियल बसवला तो पेडलच्या तीनचाकीला, मोटारी येण्याच्याही आधी. तुम्ही कारखान्यात हजारो डिफरन्शियल हाताखालून घातलेले. चष्मा काढून मला ते पुन्हा वाचायला लावलंत. तुमचा तो चेहरा बघून मला फार बरं वाटलं. मलाही तुम्हाला काहीतरी देता आलं.

आता शिकण्याबद्दल. गाडी तयार झाल्यावर पहिले काही दिवस तुम्ही मला पेडल मारूच दिलं नाहीत. आधी बसणं आणि उठणं. हँडब्रेक पट्टीने आवळून ठेवायचा, पाठ सीटकडे करायची आणि मगच टेकायचं, नाहीतर बसताना गाडी मागे सरकते. मग थांबणं. पुढच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक आहेत, म्हणून एकच दाबला की गाडी त्या बाजूला ओढली जाते. गेटजवळच्या उतारावरून गाडी नुसती सोडायची आणि दोन्ही ब्रेक सारख्या जोराने दाबून खडूच्या रेघेवर थांबायचं. थांबता येतं हे माझ्या हातांना पटल्यावर पोटातली भीती गेली. नेमकं हे माणसाच्या मनाचं गणित तुम्हाला कुठून कळलं, याचं मला नवल वाटतं.

पायांच्या पट्ट्यांची गोष्ट सगळ्यांनी नीट वाचावी, म्हणून सविस्तर लिहिते. अशा बसक्या गाडीत चालताना पाय पेडलवरून निसटून टाच जमिनीला लागली, तर गाडी पुढे जातच राहते आणि पाय आडव्या दांड्याखाली ओढला जातो. त्यात घोटा किंवा नडगी मोडू शकते. पाय टेकवून गाडी थांबवायची जी सवय आपल्याला लहानपणापासून असते, तीच इथे घातक. म्हणून पाय पेडलला धरून ठेवणारी सोय केल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. काकूंनी बोहरी आळीतून नायलॉनचा पट्टा आणि वेल्क्रो आणून टाचेमागून येणारे पट्टे शिवले. घट्ट धरणारे, पण हाताने एका झटक्यात सुटणारे. काकू, तुमचेही आभार.

मग मैदान. पहाटे तिथे कोणी नसे. गाडी नागमोडी जात होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हँडल पकडू नका, त्यावर हात ठेवा." खरोखर, प्रत्येक पेडलच्या धक्क्याला मी नकळत हँडल ओढत होते. बोटं सैल सोडल्यावर गाडी सरळ धावू लागली. वळण घेताना दुचाकी आपल्याबरोबर आत झुकते. ही झुकत नाही, त्यामुळे वेग जास्त असेल तर आतल्या बाजूचं चाक हलकं होऊन उचलू लागतं. तुम्ही चुन्याची गोल रेघ आखून मला त्यावरून फिरवलंत. वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात ब्रेक करकचून दाबायचा नाही, अंग वळणाच्या आतल्या बाजूला कलतं ठेवायचं. चाक हलकं होतंय हे सीटखाली ओळखू येईपर्यंत रस्त्याचं नाव काढायचं नाही.

आणि रस्त्याचे धडे तर पुण्याचेच. दुचाकीने खड्डा चुकवता येतो, पण इथे चाकांच्या तीन रेषा, एक ना एक खड्ड्यात जाणारच. म्हणून लांबून बघून हळू व्हायचं. स्पीडब्रेकरवर तिरकं जायचं नाही, सरळ आणि अगदी सावकाश, नाहीतर गाडीचं पोट घासतं. अगदी कडेने चालवायचं नाही, तिथे वाळू असते, उभ्या मोटारींची दारं उघडतात, आणि मागून येणारे दुचाकीवाले फटीतून घुसतात. आपल्या लेनमध्ये हक्काने, पण स्थिर वेगाने. पीएमपीच्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या कुशीला चौकात कधीही थांबायचं नाही, कारण इतक्या खाली बसलेलं माणूस त्यांना दिसत नाही. उंच काठीवरची केशरी पताका, दोन्ही बाजूंना आरसे, मागे दिवसाही लुकलुकणारा लाल दिवा. आरसे माझ्यासाठी दुप्पट मोलाचे, मान वळवावी लागत नाही.

कर्वे रस्त्याला मी अजून जात नाही, मेट्रोच्या खांबांमधली ती गर्दी मला नको. पण कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांतून भाजी, बँक, वाचनालय ही कामं आता माझी मी करते. सिग्नलला लोक विचारतात, हा काय नवा शोध? मी त्यांना सांगते, नवा कसला, 1933 मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोर यांनी पाठ टेकून चालवायच्या सायकलवर तासात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं होतं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाहेर काढल्या, आणि त्या लोकांच्या नजरेआड गेल्या. मला त्या निर्णयाचं मनापासून वाईट वाटतं. गुडघे, पाठ किंवा कान दुबळे झालेल्या किती माणसांना हे वाहन आधीच मिळालं असतं!

काका, आजारपणात मला मदत करणारे पुष्कळ होते. कोणी पिशवी उचलली, कोणी रिक्षा आणून दिली. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्ही मात्र माझ्या हाताला ग्रीस लागू दिलंत. मला जमणार नाही ही शक्यता तुम्ही एकदाही बोलून दाखवली नाहीत, आणि धोका कुठे आहे हे एकदाही लपवलं नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र देणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

आता एक काम. मागच्या सोसायटीतल्या एका आजींनी मागे दोन चाकांची, उभी तीनचाकी मागवली आहे. खोकं आलंय. ती गाडी वळणावर आपल्या गाडीपेक्षा लवकर कलंडू शकते, सीट उंच असल्यामुळे, हे मी त्यांना सांगितलंय, आणि तुम्ही बघितल्याशिवाय खोकं उघडू नका असंही. कुठल्या रविवारी जमेल ते कळवा. पाने मी घेऊन येते. स्टूल तुमच्यासाठी ठेवलेलं असेल, आणि पहिला पाना आजींच्या हातात.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची