पेटी दुरुस्तीला दे, आई

ओरेम, युटा
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
बाळूचा शि. सा. नमस्कार.

काल अनंत चतुर्दशी झाली. मी हे लिहितोय तेव्हा मिरजेतली मिरवणूक बहुधा अजून संपलीही नसेल. बाबा कमानी बघायला गेले असतील तर गुडघ्याचा पट्टा बांधून गेले असावेत एवढीच इच्छा. फोनवर माझं सगळं अर्धवट बोलून होतं. मागच्या रविवारी तर बाबा "बरं, ठेवतो" एवढंच म्हणाले, ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसलो.

आधी तेच सांगून टाकतो. दिवाळीला आमचं येणं होत नाही. तिकिटं मी रद्द केली. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर आई, तू म्हणाली असतीस, "नको रे धावपळ करूस, आमचं काही अडत नाही," आणि मी ते खरं मानून मोकळा झालो असतो. तसं मोकळं व्हायचं नव्हतं.

विहीणबाई आता आमच्याकडेच राहणार आहेत. जूनमध्ये मॅन्टाय गावातल्या त्यांच्या घरात तळघराच्या जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन नीट झालं, वॉकर घेऊन चालतात, पण एकट्याने राहायचं नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. वय एक्क्याऐंशी. बाबा, तुम्ही विचारलंत, "त्यांना स्वतःचे मुलगे नाहीत का?" आहेत. एक आयडाहोत आहे, त्याच्या घरी पायऱ्याच पायऱ्या. दुसऱ्याची नोकरी फिरतीची. दोघी मुलींची घरं लहान. आमच्याकडे खालच्या मजल्यावर एक खोली होती, तिला लागून न्हाणीघर होतं, आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तुमच्या सुनेने मला एकदाही "आईला आणूया का" असं विचारलं नाही. मीच म्हटलं. तिने विचारायची वाट बघत बसलो असतो तर उरलेलं आयुष्य ते मनात राहिलं असतं.

खरं बोचतंय ते निराळंच. दुसऱ्याच्या आईला मी रोज सकाळी हाताला धरून खुर्चीत बसवतो, आणि माझी आई मोतीबिंदूच्या डोळ्याने अंदाजाने तांदूळ निवडते. तुम्ही दोघं हे बोलून दाखवणार नाही. म्हणून मीच लिहितोय.

बाबांना विहीणबाई म्हटलं की चहा आठवतो. त्या मॉर्मन, त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. तरी २०१५ मध्ये तुम्ही येणार म्हणून त्या जन्मात पहिल्यांदा दुकानातून चहा घेऊन आल्या. गाव एवढंसं, काउंटरवरची बाई ओळखीची. घरी येऊन डबा उघडून माझ्या नाकापुढे धरला, "वास बरोबर आहे का?" तुम्ही तो चहा तीन आठवडे प्यालात, बाबा. त्या पातेल्यापाशी उभ्या राहून उकळी येताना बघायच्या, पण एक घोटही कधी घेतला नाही.

त्यापलीकडचं मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. त्या सॅनपीट खोऱ्यातल्या. वडील टर्की पाळायचे. पणजी डेन्मार्कहून आलेली, रेल्वे व्हायच्या आधी. बाबा, प्रोमोन्टरीला तुम्ही वाकून रुळांना हात लावला होतात ना? पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले ते रूळ १८६९ मध्ये जोडले गेले, आणि ही बाई त्याआधीच आलेली, म्हणजे मैदानं ओलांडली ती बैलगाडीच्या बाजूने चालत. विहीणबाई सातव्या वर्षी मावशीकडे पियानो शिकल्या. बाराव्या वर्षी त्यांना चर्चच्या ऑर्गनवर बसवलं, तेव्हा पाय पायाने वाजवायच्या खालच्या पट्ट्यांना पोचेनात, म्हणून बाकाच्या अगदी कडेला टेकून वाजवायच्या. त्यांच्याकडे पगारी कुणी नसतं. बिशपसुद्धा कुणी दंतवैद्य असतो तर कुणी शेतकरी, पाचेक वर्षं जबाबदारी सांभाळतो आणि पुन्हा लोकांत जाऊन बसतो. नेमून दिलेल्या कामाला 'कॉलिंग' म्हणतात. यांचं कॉलिंग ऑर्गन. पाच बाळंतपणं झाली, नवऱ्याचं आजारपण झालं, तरी चोपन्न वर्षं रविवारी त्या बाकावर याच.

सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकल सभागृहाचा मोठा कॉयर तुम्ही ऐकलाय. साडेतीनशेच्या वर माणसं गातात, कुणाला एक पैसा मिळत नाही, आणि १९२९ पासून दर आठवड्याला त्यांचं गाणं रेडिओवर लागतं. तिथला ऑर्गन ११,६२३ नळ्यांचा. विहीणबाईंनी त्या कॉयरची परीक्षा द्यावी असं त्यांना शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं. पण आठवड्याची तालीम, रविवार सकाळचा कार्यक्रम, एका बाजूला दोन तासांचा रस्ता आणि घरात पाच पोरं. त्या गेल्याच नाहीत. रविवारी सकाळी रेडिओ लावायच्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून खालच्या सुरात आपला भाग गायच्या. हे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं, सहज, शेंगा सोलता सोलता. मला आपला ओटा दिसला. सांगली आकाशवाणीचं ते पत्र अजून गोदरेजच्या कपाटात आहे ना, आई? असू दे. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तो २०१५ चा जुलै मला परत परत आठवतोय. चोवीस तारखेची मिरवणूक, हातगाड्या ओढणारी पोरं, डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका. १८४७ मध्ये त्या दिवशी त्यांची माणसं सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. इलिनॉयमधल्या नॉवूपासून तेराशे मैल. तू फुटपाथवर खुर्ची टाकून बघत होतीस आणि एकदम म्हणालीस, "अरे, ही तर दिंडी!" मी ते इंग्रजीत सांगितलं तर विहीणबाईंनी दिंडी म्हणजे काय ते तुझ्याकडून तासभर समजून घेतलं. तीन दिवसांनी, सोमवारी आषाढी आली. सोमवार म्हणजे त्यांच्या घरी सगळ्यांनी एकत्र बसायची संध्याकाळ. तुझा उपास त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. त्या स्वतः महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवत नाहीत आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. साबुदाण्याची खिचडी मात्र त्यांना उपासाची वाटेना. त्याच सकाळी कलाम गेल्याची बातमी आली होती आणि बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी विहीणबाईंनी विचारलं, "कोण होते ते?" मी सांगितलं. त्या उठल्या, पियानोवर बसल्या आणि त्यांच्या माणसांच्या त्या वाटेवरचं गाणं वाजवलं, १८४६ मध्ये आयोवात कुणी लिहिलेलं, मागे राहिलेली बायको सुखरूप बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा. मग तू हरिपाठ म्हटलास. त्या डोळे मिटून तुझी पट्टी शोधत होत्या, एका बोटाने, अगदी हळू. सापडली तेव्हा त्यांनी तुझ्याकडे बघितलं. बाबांनी तेव्हा चष्मा पुसला होता. तुम्ही नाकारलंत तरी मी पाहिलंय.

आता बाबांच्या मनातली दुसरी गोष्ट. गावात कोण काय बोलतं ते तायडीने मला सांगितलंय. मी धर्म बदललेला नाही, आणि मला कुणी बदलायलाही सांगितलेलं नाही. देवघरात तुम्ही दिलेला गणपती आहे, परवा पाच दिवस मोदकही झाले. विहीणबाईंनी आरतीला टाळ धरला, स्वतः मात्र हात जोडून बाजूला बसल्या. त्यांचा विश्वास त्यांचा. आणि बाबा, आपल्या सात पिढ्यांची नावं तुम्ही त्यांना सांगितली होतीत, त्याचीही तुम्हाला धाकधूक होती. त्यांच्याकडे पूर्वजांच्या नावाने मंदिरात विधी करतात, म्हणून. मी त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "ती तुझ्या वडिलांची माणसं, त्यांच्या परवानगीशिवाय नाही." नावं वहीतच आहेत, खापरपणजोबांपर्यंत, सुंदर अक्षरात. मुलं त्यातून पाठ करतात.

एक गोष्ट मला स्वतःलाच परवा-परवा कळली. आमचं लग्न कोर्टात झालं, मग मिरजेच्या कार्यालयात. त्यांच्या मते मंदिरात लागलेलं लग्नच मरणानंतर टिकतं, कुटुंब कायमचं बांधलं जातं. त्यांच्या आईचं, त्यांचं, मोठ्या मुलीचं, सगळी लग्नं मॅन्टायच्या टेकडीवरच्या त्या दुधी दगडाच्या मंदिरात. धाकटीचं नाही, माझ्यामुळे. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. गेल्या वर्षी दुरुस्तीनंतर मंदिर थोडे दिवस सगळ्यांना बघायला उघडं होतं. एरवी माझ्यासारख्याला आत जाता येत नाही. त्या मला आणि मुलांना घेऊन गेल्या. मधल्या खांबाशिवाय उभा असलेला गोल जिना दाखवला, १८८८ च्या आधीच्या सुतारांनी केलेला. मग एका खोलीच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "इथे माझं लग्न लागलं," आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. बाहेर आल्यावरच सोडला. ज्या बाईने इतकं गिळलं तिला मी परक्या दारात ठेवू शकलो नाही. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन एवढंच देता येतं मला.

आम्ही इथे मजेत आहोत. पहिले पंधरा दिवस चर्चमधल्या बायका रोज संध्याकाळी जेवण घेऊन येत होत्या. मला ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी फुगते. झोप होते. तुमची नात आजीच्या खोलीत अभ्यासाला बसते आणि धाकटा तिच्या वॉकरला घंटा बांधायच्या मागे आहे. मी जानेवारीत येतोय, एकटा, महिनाभर. तोवर आयडाहोचा मेव्हणा इथे राहायला येईल. हे ठरलेलं आहे, बघू-करू असं नाही.

पण आईचा डोळा जानेवारीपर्यंत थांबवायचा नाही. तायडी पुढच्या शनिवारी कोल्हापूरहून येईल, तिच्याबरोबर जायचं आणि तारीख घेऊन यायची. ऑपरेशननंतर आठ दिवस चुलीपुढे... म्हणजे गॅसपुढे उभं राहायचं नाही, स्वयंपाकाच्या मावशींना दोन्ही वेळचं सांगितलंय, पैसे मी त्यांना परस्पर पाठवतो, त्यावरून वाद घालू नका. बाबा, गच्चीवरच्या टाकीवर तुम्ही चढायचं नाही. नाही म्हणजे नाही. न्हाणीघरात दांडी बसवायला माणूस येणार आहे, त्याला "आम्ही काय म्हातारे झालो का" म्हणून परत पाठवू नका. बीपीच्या गोळ्या संपत आल्या की आधी सांगा, संपल्यावर नाही. रागावून लिहीत नाहीये. विहीणबाईंच्या जिन्याला कठडा बसवायचं आम्ही दोन वर्षं नुसतं बोलत राहिलो होतो.

आणखी एक. मॅन्टायहून सामान आणताना त्यांनी एकच पिशवी मांडीवर घेतली होती. त्यात ऑर्गन वाजवायचे बूट. पातळ तळव्याचे, थोड्या टाचेचे, पायाला खालची पट्टी कळावी म्हणून. ते कधीच रस्त्यावर घालायचे नसतात, म्हणून तळवे अजून गुळगुळीत. डाव्याचा पट्टा उसवला होता. आता डावा पाय पट्टीपर्यंत नीट जात नाही, कॉलिंग कधीच चर्चमधल्या दुसऱ्या कुणा मुलीकडे गेलंय, तरी त्यांनी विचारलं, "एवढा शिवून देशील?" परवा रात्री दोऱ्याला मेण लावून शिवत बसलो होतो आणि मला तुझी पेटी आठवली. लहानपणी मी तिच्या मागे झोपायचो. भात्याचा वारा तोंडावर यायचा आणि तू "सरक रे, सूर कोंडतोय" म्हणायचीस, पण उठवायची नाहीस. तो भाता दोन वर्षं गळतोय. तू दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळेला मी "नवीन घेऊ गं" म्हणून विषय संपवला. तुला नवीन नको होती.

नवीन घ्यायची नाही. सतारमेकर गल्लीत विहीणबाई ज्या दुकानात बसल्या होत्या ना, तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी कशी उघडते ते बघत, त्यांच्याशी मी बोललोय. त्यांच्या ओळखीचा पेटीवाला आहे. मंगळवारी मुलगा घरी येऊन पेटी घेऊन जाईल. भाता पूर्ण नवा घालायचा, ठिगळ नको, आणि सूर उतरवून साफ करायचे. भजनी मंडळाला तोवर दुसऱ्या कुणाची तरी पेटी मागून घे.

घरी आली की फोन लाव, माझ्या वेळेचा विचार न करता. विहीणबाई विचारतायत, तुझी पट्टी अजून काळी चारच आहे की वयाने खाली आली? त्यांनी इथे पियानोवर खूण करून ठेवलीय.

तुमचा,
बाळू