नावं न छापता आभार

रविवारच्या गप्पांसाठी पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं जिन्यापर्यंत बसली. सतरंज्या आणून देणाऱ्या शेजारच्या काकू, तुम्ही विषय काय तेही विचारलं नाहीत. १९९० साली सुरू झालेल्या ‘बॉम्बे दोस्त’ या समलिंगी लोकांसाठीच्या मासिकाचे जुने अंक आणणारे काका, इतकी वर्षं ते कपाटात कपड्यांखाली होते हे तुम्ही जाता जाता सांगितलंत आणि आम्ही सगळे गप्प झालो. २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या समलिंगी हक्कांच्या मोर्चात मुखवटा लावून चाललेल्या ताई, तो मुखवटा तुम्ही आमच्या हातात दिलात. रबर आता सैल झालंय. (चहा फार गोड होता, पण दादांनी पैसेच घेतले नाहीत, तेव्हा तक्रार नाही.) काका, अंक स्कॅन झालेत. सवडीने घेऊन जा.